घर बघून गेलेली माणसं नेमकं काय सांगून जातात?

घर विकायला काढलं की सुरुवातीला फोन खणखणतात. माणसं येतात, खोल्या बघतात, "छान ठेवलंय हो घर" म्हणतात आणि निघून जातात. मग शांतता. एजंटला विचारावं तर तो सांगतो, "त्यांना जरा लहान वाटलं." दुसऱ्यांना अंधार वाटला. तिसऱ्यांना आवडलंय, पण घरच्यांशी बोलायचंय. चौथ्यांना किंमत जास्त वाटते आणि पाचव्यांना रस्त्याचा आवाज. पाच जणांची पाच तोंडं. यातलं खरं काय मानायचं, खर्च कशावर करायचा आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे विकणाऱ्याला उमगत नाही.

बहुतेकांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा व्यवहार असतो, आणि त्यातली सगळ्यात उपयोगाची माहिती हातात येते ती अशी तुटक, ऐकीव आणि बरीचशी गुळमुळीत. म्हणून काही जण प्रत्येक शेरा मनाला लावून घेतात, तर काही जण "लोक काय, बोलतातच" म्हणून सगळंच झटकून टाकतात. दोन्ही गोष्टी महागात पडतात. अभिप्रायातून कामाचं काढायचं असेल तर नुसते शब्द पकडून चालत नाही. तो कोणी दिला, कुठल्या टप्प्यावर दिला आणि त्यानंतर तो माणूस काय वागला, हे तिन्ही एकत्र वाचावं लागतं.

## माणसं खरं कारण का सांगत नाहीत?

दुकानात आपण स्वतः काय करतो ते आठवा. वस्तू पसंत नसली तरी दुकानदाराला तोंडावर तसं सांगत नाही. "जरा फिरून येतो" म्हणतो आणि पायऱ्या उतरतो. तोही समजतो, आपणही समजतो. घराच्या बाबतीत हा संकोच कितीतरी पटीने वाढतो, कारण समोर उभा असलेला माणूस त्या भिंतींमध्ये राहत असतो. त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून "इथे कोंदट वास येतो" असं कोण म्हणेल? मग "कळवतो" हा शब्द कामाला येतो.

वाईट बातमी सांगायला माणसं टाळाटाळ करतात, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली प्रयोगांतून दाखवलं होतं. बातमीशी स्वतःचा काही संबंध नसला तरी ती पोचवायला माणूस कचरतो. आता घराचा अभिप्राय तुमच्यापर्यंत कसा येतो ते बघा. बघणारा एजंटला सौम्य करून सांगतो, एजंट तुम्हाला आणखी सौम्य करून सांगतो. दोन गाळण्यांतून उतरल्यावर "बाथरूम बघूनच बायको मागे फिरली" या वाक्याचं "त्यांची गरज थोडी वेगळी होती" असं होऊन बसतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. बऱ्याचदा बघणाऱ्याला स्वतःलाच खरं कारण ठाऊक नसतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 साली मांडलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि यातला सर्वांत चांगला कोणता, असं लोकांना विचारलं. चारही जोड अगदी सारखे होते. तरीही सर्वांत उजवीकडचा जोड सर्वांत डावीकडच्याच्या जवळपास चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, स्पर्श, पोत अशी कारणं दिली. जागेचा उल्लेख एकानेही केला नाही. ही माणसं खोटं बोलत नव्हती. मन आधी ठरवून मोकळं होतं आणि कारण मागाहून शोधतं.

घर बघतानाही तेच होतं. दारातून आत पाऊल टाकताच ओलसर वास येतो, मन नकळत मागे सरकतं, आणि बाहेर पडल्यावर कारण सांगितलं जातं, "अंधार वाटला." तुम्ही इमाने इतबारे चार जास्तीचे दिवे लावता. पुढचा येतो आणि त्यालाही "अंधार" वाटतो.

## आणि आपल्यालाही नीट ऐकू येत नाही

दोष फक्त बोलणाऱ्याकडे नाही. 1990 साली डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटातल्या निम्म्या जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि त्यांना विक्रीची किंमत विचारली. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना खरेदीची विचारली. तो मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. वस्तू आपली झाली की ती आपल्याला जास्त मोलाची वाटू लागते. अर्थशास्त्रात याला 'एंडाउमेंट इफेक्ट' म्हणतात, आपण मालकीचा मोह म्हणू. काही मिनिटं हातात असलेल्या मगाची ही गत, तर जिथे मुलं वाढली त्या घराचं काय होत असेल!

शिवाय आपलं घर आपल्याला दिसतच नाही. सतत येणाऱ्या वासाची जाणीव नाक थोड्या वेळात बंद करतं, हा शरीराचा स्वभाव आहे. पाळीव प्राण्याचा, फोडणीचा, बंद कपाटाचा, ओलीचा वास घरातल्यांना येत नाही, पाहुण्याला दाराशीच येतो. डोळ्यांचंही तसंच. दाराच्या मागे अडकवलेले चार कोट, न बसणारा सरकता दरवाजा, वाटेत आडवं येणारं टेबल, या सगळ्यांना वळसा घालून चालायची आपल्या पायांना सवय झालेली असते.

त्या टेबलाचंच उदाहरण घ्या. हॉलमधून आतल्या खोलीकडे जाताना प्रत्येक बघणारा टेबलापाशी येऊन किंचित तिरका होतो, खांदा आत घेतो आणि पुढे सरकतो. कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बाहेर गेल्यावर मात्र "घर लहान वाटलं" म्हणतो. कागदावरचं क्षेत्रफळ दाखवून त्याला पटवण्यात काही अर्थ नाही, कारण त्याच्या खांद्याने ते घर मोजलेलं असतं. टेबल हलवलं की तक्रार बंद होऊ शकते.

## साखळी कुठे तुटते ते बघा

मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय बोलण्यात सापडत नाही, वागण्यात सापडतो. घर विकलं जाण्याचा प्रवास ठरलेला असतो. माणूस जाहिरात बघतो, चौकशीचा फोन करतो, घर बघायला येतो, दुसऱ्यांदा येतो, बोली लावतो. यातल्या कुठल्या पायरीवर बहुतेक जण थांबतात, तेच तुमचं उत्तर असतं.

जाहिरात बरेच जण बघतात पण फोन येत नाहीत, तर घराच्या आतल्या कशाचाही त्यात दोष नाही. आत कोणी आलंच नाही ना अजून. अशा वेळी भिंतींना रंग देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गोष्ट फोटोंची आहे, वर्णनाची आहे किंवा किमतीची. किमतीतही एक बारकावा आहे. घरं शोधणारे संकेतस्थळांवर "इतक्यापर्यंत" अशी गोल आकड्याची मर्यादा घालतात. तुमची किंमत त्या गोल आकड्याच्या थोडीशी वर असेल, तर त्या मर्यादेत शोधणाऱ्यांच्या यादीत तुमचं घर येतच नाही.

फोन येतात, पण लोक बघायला येत नाहीत, असं असेल तर फोनवर काय बोलणं होतं ते तपासा. दोनचार फोननंतर तोच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर ऐकून समोरचा थंड पडतो, असं दिसेल. ताबा कधी, गाडी कुठे लावायची, कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का. ती माहिती जाहिरातीतच लिहून टाका. फोन कमी होतील, पण येतील ते कामाचे.

लोक येतात, पहिल्यांदा बघून जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. याचा अर्थ, फोटोंनी जे कबूल केलं ते प्रत्यक्षात मिळालं नाही. वाइड अँगल लेन्सने काढलेल्या फोटोत खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसते. माणूस तेवढी मोठी खोली मनात घेऊन येतो आणि दारातच हिरमुसतो. तीच खोली साध्या फोटोत बघून आला असता, तर कदाचित "अरे, बरीच मोठी आहे की" म्हणाला असता. या टप्प्यावर "लहान", "अंधारी", "जुनी" हे शेरे आले तर फोटो आणि घर शेजारी ठेवून बघा. वास, उजेड, पसारा, गळका नळ, दारातला पहिला क्षण हे सगळं इथेच तपासायचं.

लोक दुसऱ्यांदा येतात, वेळ घालवतात, आणि तरीही बोली लागत नाही, तेव्हा घर त्यांना आवडलेलं असतं. नाहीतर पुन्हा येण्याचे कष्ट कोण घेतं? अडलेलं असतं ते दुसरीकडेच. कागदपत्रांत काहीतरी खटकतं, कर्जाचं जुळत नाही, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च डोक्यावर येणार असं कुठूनतरी कळतं, किंवा याच किमतीत शेजारीच जास्त चांगलं घर मिळतंय. अशांना थेट विचारा: "घर आवडलेलं दिसतंय, मग अडतंय कुठे?" या टप्प्यावर लोक बऱ्यापैकी खरं सांगतात, कारण त्यांनाही मार्ग निघायला हवा असतो.

आणि बोली येतात, पण सगळ्याच तुमच्या आकड्याच्या बऱ्याच खाली आणि एकमेकींच्या जवळपास, तर बाजाराने किंमत सांगितलेली आहे. ती ऐकायला कडू लागते, पण इतकं स्पष्ट उत्तर याआधीच्या कुठल्याही पायरीवर मिळत नाही.

## किती जणांनी म्हटलं की खरं मानायचं?

ठरीव आकडा नाही. एकाने म्हटलं तर ती आवड. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघाचौघांनी, कोणी न सुचवता तेच म्हटलं तर थांबून बघायला हवं. "न सुचवता" हे महत्त्वाचं. "किंमत जास्त वाटली का हो?" असं विचारलं की समोरच्याला आयतं उत्तर मिळतं आणि तो मान हलवून सुटतो. त्यापेक्षा विचारा, "आत्तापर्यंत बघितलेल्या घरांमध्ये हे कुठे बसतं?" किंवा "एकच गोष्ट बदलता आली असती तर कोणती बदलली असती?" आणि ज्यांनी नकार दिला त्यांना काही आठवड्यांनी आवर्जून विचारावा असा प्रश्न म्हणजे, "शेवटी घेतलंत कुठलं?" त्यांनी सांगितलेली दहा कारणं एकीकडे आणि त्यांनी घेतलेलं घर एकीकडे. "लहान वाटलं" म्हणणाऱ्याने याहून लहान घर घेतलं असेल, तर अडचण आकाराची नव्हती.

हे सगळं तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. मनात ठेवलं की मन आपल्याला हवं तेच जपतं.

## खोट काढणारा वैरी नसतो

"छान आहे, छान आहे" म्हणत पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याने मनातून घर सोडलेलं असतं. जो कपाटाचं दार तीनदा उघडून बघतो, नळ सोडून पाण्याचा जोर पाहतो, हात पसरून पलंग मावेल का याचा अंदाज घेतो, कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावून खिडकीबाहेरचं दाखवतो, तो तिथे राहण्याचं चित्र रंगवतो आहे. त्याच चित्रात त्याला खटकणाऱ्या गोष्टी दिसतात आणि तो बोलतो. अशा वेळी दुखावून घराची बाजू मांडायला लागलात तर तो गप्प होईल, आणि तुमचा सर्वांत चांगला अभिप्राय तिथेच संपेल.

काही जण भाव पाडण्यासाठी मुद्दाम खोट काढतात, हेही खरं. ओळखायचं कसं? खोटीच्या मागोमाग आकडा आला तर ती घासाघीस. "फरशी बदलावी लागेल, एवढ्यात देता का?" याला उत्तर आकड्यानेच द्यायचं, फरशी बदलून नाही. आकडा न येता नुसती खोट आली तर तिच्यात माहिती असण्याची शक्यता जास्त.

## मग शेवटी सगळं किमतीवरच येतं का?

"किंमत पुरेशी उतरवली की कुठलंही घर विकतं" असं म्हणतात. ते खरं आहे, पण फारसं उपयोगाचं नाही, कारण कुठल्या दोषासाठी किती उतरवायचं हा खरा प्रश्न आहे.

रस्त्याचा आवाज, मजला, खोल्यांची रचना, समोरची भिंत हे तुम्ही बदलू शकत नाही. त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल तर ते किमतीत धरलं जाणारच. बदलता येण्यासारख्या गोष्टींसाठी मात्र किंमत उतरवणं हा घाट्याचा सौदा असतो. भिंतीवरची हाताच्या पंजाएवढी ओल घ्या. तुम्हाला ती पंजाएवढी दिसते. बघणारा तिच्याकडे मान वर करून बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आतून कुजलेली अख्खी भिंत येते, वरच्या मजल्याशी होणारं भांडण येतं, आणि "यांनी आणखी काय काय लपवलं असेल" हा प्रश्न येतो. तो दुरुस्तीच्या खर्चाएवढे पैसे कापत नाही, भीतीएवढे कापतो.

विकणाऱ्याला मालाचं सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नाही, तेव्हा घेणारा दोष असण्याची शक्यता धरून भाव कमी करतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणावरून मांडलेला हा विचार घरालाही लागू पडतो. म्हणून ओल येते कुठून ते शोधा, ते दुरुस्त करून घ्या, बिल जपून ठेवा आणि विचारायच्या आधी स्वतःहून सांगा. नुसता वरून रंग मारू नका. जुन्या रंगाच्या खोलीत एकच ताजी भिंत दिसली की चतुर माणूस नेमका तिथेच हात लावून बघतो. शिवाय माहीत असलेला दोष लपवून घर गळ्यात मारणं हे चुकीचंच आहे. समोरचाही आयुष्याची कमाई ओततो आहे.

## एजंट तर सारखं "किंमत कमी करा" म्हणतो. त्याचं ऐकायचं?

त्याने बाजार रोज बघितलेला असतो, म्हणून ऐकायचं. त्याचं आणि तुमचं हित तंतोतंत एक नसतं, म्हणून तपासायचं. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागोच्या परिसरातल्या सुमारे 1 लाख घरविक्रींचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. एजंटांनी स्वतःची घरं विकली तेव्हा, तशाच इतर घरांच्या तुलनेत, ती सुमारे 9.5 दिवस जास्त बाजारात ठेवली आणि 3.7 टक्के जास्त किंमत मिळवली. गणित सोपं आहे. थांबून मिळालेल्या जास्तीच्या रकमेतला छोटासा वाटाच एजंटला मिळतो, पण दाखवण्याची जास्तीची धावपळ त्याची.

जाणकाराची नजरही निखळ नसते. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी 1987 साली अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एजंटांना एकच घर दाखवलं, भरपूर माहिती दिली, पण मालकाची सांगितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. एजंटांचे अंदाज त्या सांगितलेल्या किमतीकडे झुकले. आपण त्या आकड्याचा आधार घेतला, असं मात्र फार थोड्यांनी म्हटलं. म्हणून एजंटकडे मत मागण्यापेक्षा पुरावा मागा: गेल्या काही महिन्यांत जवळपास प्रत्यक्ष विकली गेलेली, याच आकाराची घरं आणि त्यांचे झालेले भाव. जाहिरातीतल्या किमती नकोत, त्या इतर मालकांच्या इच्छा असतात.

## "एकच तर गिऱ्हाईक लागतं, थांबू की"

या म्हणण्यात तथ्य आहे. घर एकालाच विकायचं असतं, आणि वेगळ्या धाटणीच्या घराला त्याची कदर करणारा माणूस उशिरा भेटू शकतो. पण थांबण्याची किंमत सगळीकडे सारखी नसते. घर नव्याने बाजारात येतं तेव्हा आधीपासून शोधात असलेले सगळे ते एकदम बघतात. त्यानंतर बघणारे उरतात ते नव्याने शोधायला लागलेले, म्हणून गर्दी ओसरते. आणि घर फार दिवस पडून राहिलं की पडून राहणं हाच दोष बनतो: "इतके दिवस गेलं नाही, म्हणजे काहीतरी असणारच."

ज्यांनी चढ्या भावाने घर घेतलं आणि आता बाजार उतरला आहे, त्यांना थांबण्याचा मोह सगळ्यात जास्त. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बॉस्टनमधल्या 1990 च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास 2001 साली मांडला. तोट्यात असलेल्या मालकांनी, खरेदीची किंमत आणि आताची अपेक्षित किंमत यांच्यातल्या फरकाच्या 25 ते 35 टक्के इतकी मागणी चढवून ठेवली होती. त्यांना थोडा जास्त भाव मिळालाही, त्याच फरकाच्या 3 ते 18 टक्के. पण घरं विकायला वेळ जास्त लागला. म्हणजे अडून बसल्याचं काहीतरी मिळतं, मात्र मागितलेल्यापेक्षा फारच कमी, आणि तेवढे महिने हप्ते, देखभालीचा खर्च आणि टांगणीला लागलेला जीव सांभाळावा लागतो. तुम्ही किती दिलं होतं हे घेणाऱ्याच्या हिशेबात कुठेच नसतं. त्याच्यापुढे त्याच पैशांत मिळणारी दुसरी तीन घरं असतात.

म्हणून वहीतले शेरे, साखळी तुटण्याची जागा आणि झालेल्या सौद्यांचे भाव तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर दोन आकडे शेजारी लिहा: आज मिळू शकणारी रक्कम, आणि पुढे जायला तुम्हाला लागणारी किमान रक्कम. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर बोली आल्यावर फार ताणू नका. लहान असेल, तर दर पंधरवड्याला थोडीथोडी किंमत खाली आणत परक्या माणसांना घरातून फिरवत राहण्यात काही हशील नाही. जाहिरात काढून घ्या, भाड्याने देता येतं का बघा, जी दुरुस्ती लोकांच्या डोळ्यांत खुपत होती ती सवडीने करून घ्या, आणि ती वही जपून ठेवा. पुन्हा घर विकायला काढाल तेव्हा पहिल्या दिवसापासून काय नीट असायला हवं, याची यादी तिच्यात तयार असेल.